नणंद येईपर्यंत

मला कोणी ‘ममतेची मूर्ती’ म्हटलं की माझं डोकं उठतं. निवृत्त झाले त्या दिवशी सत्कार झाला, आणि एकामागून एक सगळ्या वक्त्यांनी मला मूर्तीच केलं. मी हार घालून, मांडीवर नारळ घेऊन ऐकत होते आणि मनात म्हणत होते, मूर्ती असते तर फार बरं झालं असतं. मूर्तीला इंदूरच्या परदेशीपुऱ्याच्या गल्ल्यांतून भर उन्हात पायपीट करावी लागत नाही, आणि मूर्तीशी कोणी हुज्जत घालत नाही. माझी सगळी नोकरी हुज्जत घालण्यात गेली. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘रुग्णसेवेतील हृद्य अनुभव’ मागितले आहेत. हृद्य किती निघतील सांगता येत नाही. डोकं फिरवणारे मात्र पुष्कळ आहेत, त्यांतलाच एक सांगते.

आधी आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण नर्स म्हटलं की लोकांना इस्पितळ दिसतं. इस्पितळातली नर्स आपल्या वॉर्डची राणी असते. पेशंट पलंगावर, औषध ट्रेमध्ये आणि नातेवाईक घंटा झाली की बाहेर. आमचं सगळं याच्या उलट. आम्ही जच्चा-बच्चा केंद्राच्या, म्हणजे बाळंतीण आणि बाळ बघणाऱ्या नर्सा. आमचा वॉर्ड म्हणजे अख्खी वस्ती, आणि तिथे आम्ही पाहुण्या. बसायचं कुठे, हात कुठे धुवायचे, बाळाला हात लावायचा की नाही, हे सगळं त्या घरची सासू ठरवणार. पोटुशी बाई तपासायची, अडलं तर बाळंतपण करायचं (न अडलं तर दाई करायची, आम्हाला कोण विचारतो), आणि मग दहा दिवस रोज घरी जाऊन बघायचं की आईला ताप नाही ना, नाळ कोरडी आहे ना, बाळ पितंय ना. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. बाळ पितंय की नाही, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

मध्य प्रदेश तेव्हा नवाच झाला होता. केंद्राच्या दारावरची पाटी होळकर संस्थानच्या वेळची, ती मध्य भारताच्या वेळी रंगवली आणि आता पुन्हा रंगवली होती. रंगाऱ्यानं घाईत काम केल्यामुळे जुनी अक्षरं खालून दिसत. हुकूम आता भोपाळहून येत, तेही फार उशिरा, आणि इंदूरच्या माणसाला भोपाळहून हुकूम आलेला मुळीच खपत नसे. माझे वडील संस्थानी दफ्तरात कारकून होते. मुलगी नर्स झाली हे त्यांना खपलं नाही, पण पगार सरकारी आहे म्हटल्यावर ते गप्प बसले.

आम्हाला कातडी बॅग मिळायची. ती जमिनीवर ठेवायची नाही, आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, साबण काढून हात धुवायचे आणि मगच बाकीचं सामान काढायचं, असं ट्रेनिंगमध्ये घोटून घोटून शिकवलेलं. मी कुणाच्याही घरी गेले आणि वर्तमानपत्र पसरलं की घरातली एक तरी बाई म्हणायची, “नर्सबाई जेवण घेऊन आल्या वाटतं!” बाळाला काट्यावर तोलायचं म्हटलं तर सासू ते पदराखाली घेऊन बसायची, कारण तोललं की नजर लागते. देवीची लस टोचून मी दाराबाहेर पडले की आई लगेच ओल्या फडक्यानं दंड पुसून टाकायची. मग पुढच्या आठवड्यात मी बघायला गेले की फोड आलेलाच नाही. विचारलं की उत्तर, “अहो, तुमची लसच कच्ची होती.”

अशा घरांमध्ये पहिला नंबर लागतो काटकरांचा.

काटकर म्हणजे मराठ्यांचं जुनं कुटुंब. यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. तलवारी गेल्या आणि मोठा मुलगा दत्तू मिलमध्ये साच्यावर कापड विणायला लागला. धाकटाही त्याच मिलमध्ये. चाळीत दोन खोल्या आणि पुढे ओटा. घरात राज्य त्यांच्या आईचं. सगळी चाळ तिला काकी म्हणायची, म्हणून मीही काकीच म्हणायची. काकी उंच, सावळी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की मिलचा भोंगा त्यापुढे कमी पडावा.

दत्तूची बायको शांता बाळंत झाली, दाईनं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आमच्या केंद्रातली आया चंपाबाई बघायला गेलो. मुलगा होता, पण इतका बारीक की मला ओंजळीत मावेल असं वाटलं. हातपाय गार. रडणं म्हणजे नुसतं कुईंकुईं. शांताची छाती मात्र भरलेली, चोळी ओली झालेली.

“पाजलंस का गं?” मी विचारलं.

शांतानं सासूकडे पाहिलं.

“कसं पाजणार?” काकी म्हणाल्या. “सुभद्रा आली नाही अजून.”

“कोण सुभद्रा?”

“माझी पोरगी. महूला दिलीय. नणंदेनं येऊन छाती धुतल्याबगैर दूध देत नाही आमच्यात. गुळाचं पाणी चालू आहे ना, बोळ्यानं. भूखा नाही ठेवला आम्ही.”

आता ही चाल काय आहे ते सांगते. उत्तरेकडून आलेल्या आणि माळव्यातल्या पुष्कळ घरांत बाळ झालं की त्याची आत्या येते. ती दूर्वा पाण्यात बुडवून वहिनीची छाती धुते, मग तिला साडी नाहीतर एखादा दागिना द्यायचा, त्याला नेग म्हणायचं, आणि मगच बाळाला पहिलं दूध. आत्या शेजारच्या गल्लीत असली तर काही बिघडत नाही. पण आत्या महूला असली, आणि त्यात तिला वेळ नसला, तर बाळ आत्याची वाट बघत पडून राहणार.

“काकी,” मी म्हणाले, “हे मराठ्यांत कुठून आलं? तुमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, तुम्हीच सांगता. तिकडे कोणी ऐकलं तरी आहे का असं?”

“आम्हाला काय पता साताऱ्याचं? आम्ही पाहिलंय का ते? इथे सगळे करतात.”

माझा स्वतःचा अनुभव असा आहे की आजीनं शिकवलेली चाल माणूस एखादे वेळी सोडेल, पण शेजारणीकडून उचललेली कधी सोडणार नाही. मी दुसरी बाजू धरली.

“बरं, गाय व्यायल्यावर तिच्या चिकाचं काय करता?”

“खरवस. काय विचारता!”

“कोणाला देता?”

“चाळीत सगळ्यांना वाटतो. ताकत असते त्याच्यात.”

“मग गाईच्या चिकात ताकत आणि सुनेच्या चिकात काय?”

काकींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “बाई,” त्या म्हणाल्या, “गाईला नणंद असते का?”

चंपाबाईनं तोंडाला पदर लावला. खरं सांगायचं तर त्या काळी मोठ्या इस्पितळांतही बाळाला पहिले काही तास ग्लुकोजचं पाणीच द्यायचे. आम्हाला शिकवणाऱ्या ट्यूटरबाई मात्र कडक होत्या. लहान बाळाकडे साठा नसतो, ते आधी रडतं, मग गार पडतं, मग रडायचं बंद होतं, आणि बंद झालं की घरचे म्हणतात शांत झोपलंय, असं त्या सांगायच्या. काटकरांचं बाळ रडायचं बंद होण्याच्या बेतात होतं.

“मग बोलवा ना सुभद्राताईंना! महू काय विलायतेत आहे?”

हळूहळू कळलं की सुभद्राताई रुसल्या आहेत. शांताच्या डोहाळजेवणाचं बोलावणं दत्तूनं स्वतः न जाता मिलमधल्या एका महूच्या माणसाच्या हाती धाडलं होतं. भाऊ स्वतः आला नाही, म्हणजे मान गेला. रात्रपाळी करून झोपलेल्या दत्तूला मी उठवलं आणि तसंच बसस्टँडवर पिटाळलं. तो दुपारी एकटाच परत आला.

“नाही येत बोलली,” तो म्हणाला. “बोलली, आता आई स्वतः येऊन बोलावेल तरच येईन.”

“मी?” काकी कडाडल्या. “पोरीच्या सासरी मी जाऊ? लेक दिलेल्या घरचं पाणीपण आम्ही पीत नाही, त्या घरी मी हात जोडून उभी राहू?”

म्हणजे आई लेकीच्या घरी जाणार नाही, लेक आईच्या घरी येणार नाही, आणि या दोघींच्या मानाच्या मध्ये ते एवढंसं पोर गुळाच्या पाण्यावर. मला भयंकर संताप आला. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर काकींनी मला ओट्याखाली उतरवलं असतं आणि पुन्हा वर घेतलं नसतं. आमच्या कामात हीच मेख आहे. वॉर्डमधली नर्स नातेवाइकांना बाहेर काढते, इथे नातेवाईक नर्सला बाहेर काढतात.

मी बॅग उघडली आणि बँडेजचा रोल काढला. त्याची एक पट्टी फाडली, तिला मध्ये गाठ मारली आणि म्हणाले, “दत्तू, हात पुढे करा.”

त्याला वाटलं मी काही टोचणार आहे. तो मागे सरला.

“हात पुढे करा म्हणते ना!” मी पट्टी त्याच्या मनगटाला बांधली. “ही राखी. आजपासून मी तुमची बहीण. आता सांगा काकी, मी शांताची कोण?”

तेव्हा दारातून चंपाबाई म्हणाली, “नणंदच की! दुसरं कोण होणार?”

काकी विचारात पडल्या. “मानलेली चालते का?”

“का नाही चालत?” चंपाबाई म्हणाली. तिला अशा बाबतीत कधीच शंका नसायची. “मानलेल्या भावाकडून ओवाळणी घेता तेव्हा चालते, मग आताच काय झालं?”

“पण आज पौर्णिमा कुठंय?”

“काकी,” मी म्हणाले, “या पोराला पौर्णिमेपर्यंत दम निघणार नाही.”

ते ऐकून दत्तू पहिल्यांदा आईच्या शब्दाबाहेर बोलला. “आई, करू दे त्यांना.” एवढंच. पण मुलगा असं आजवर कधी बोललाच नव्हता म्हणून असेल, काकी उठल्या आणि दूर्वा आणायला गेल्या.

मी दूर्वा घेतल्या. त्याबरोबर पाणी उकळून घेतलं, निववलं, साबण काढला आणि ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं त्याप्रमाणे छाती स्वच्छ केली. काकींना माळव्याची चाल दिसत होती आणि मला पाठ्यपुस्तक. बाळाला ओढायची ताकद नव्हती. म्हणून दूध हातानं वाटीत काढलं आणि थेंब थेंब करून ड्रॉपरनं पाजलं. दुपार तशीच गेली. संध्याकाळी त्याच्या पायाला जरा ऊब आली आणि त्यानं नीट, तोंड भरून भोकाड पसरलं. असं रडणं मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ ऐकलं, पण त्या दिवशी ते ऐकून मी भिंतीला टेकून बसले आणि मला रडू आलं.

नेग घ्यायला मी नकार दिला. सरकारी माणसाला घेता येत नाही. काकी म्हणाल्या, नेग नाही घेतला तर धुणं लागू होत नाही. पुन्हा हुज्जत. शेवटी नारळावर मिटलं.

मला वाटलं, आपण मोठी हुशारी केली. पण झालं काय, चाळीत बातमी पसरली की काटकरांचं मरतं पोर नर्सबाईनं छाती धुतली म्हणून वाचलं. दूध मिळालं म्हणून वाचलं, हे कोणीच म्हणेना. मुलगा गुटगुटीत निघाला आणि माझ्या हाताला गुण आहे असं ठरलं. मग काय, ज्याच्या त्याच्या घरी मी नणंद. कोणाची नणंद वारलेली, कोणाला नणंदच नाही, कोणाची लांब दिलेली. “सिस्टरजी, चलो, हाथ लगा दो.” मीही जायची, कारण गेले की बाळाला लगेच दूध मिळायचं. बँडेजची पट्टी बांधून मी परदेशीपुऱ्यात इतके भाऊ केले की राखीला सगळे ओवाळणी द्यायला आले असते तर मी सराफ्यात दुकान टाकलं असतं. चंपाबाई मला चिडवायची, “बाई, तुमच्या इतक्या वहिन्या आहेत आणि एकीनं पण तुम्हाला कधी जेवायला नाही बोलावलं.”

एकदा तर खऱ्या सुभद्राताई टांगा करून केंद्रावर आल्या. मी रांगेतल्या बायका तपासत होते.

“तुम्हीच का त्या नर्सबाई?”

“हो. बसा. कितवा महिना?”

“महिना नाही विचारायचा मला! मी काटकरांची सुभद्रा. तुमचं काम सुई टोचायचं. माझी वहिनी, माझा भाचा, माझा मान! तुम्हाला मध्ये पडायला कोण बोललं?”

“ताई, तुम्ही आला नाहीत.”

“नाही आले तर! रुसले होते मी. रुसलेल्या माणसाला मनवायचं असतं, की त्याच्या जागी दुसरं माणूस बसवायचं असतं?”

रांगेतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीनं सुभद्राताईंचं अगदी बरोबर होतं. आणि आज विचार केला तर मलाही वाटतं, बाई अगदीच खोटं बोलत नव्हती. “पुढच्या वेळी मी सगळ्यांच्या आधी हजर असेन, बघा तुम्ही,” असं बजावून ती टांग्यात बसली.

पुढची वेळ एक-दोन वर्षांनी आली. काटकरांच्या धाकट्याचं लग्न झालं होतं. त्याची बायको मालती देवासकडची, अगदी लहान, बोलायचीच नाही. तपासायला गेले की मान खाली घालून बसायची आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काकी द्यायच्या. भूक लागते का? “लागते.” पाय सुजतात का? “थोडे थोडे.” बाळ हलतं का? “खूप हलतं.” मी एकदा चिडून म्हणाले, “काकी, पोट तुमचं आहे की तिचं?” त्या म्हणाल्या, “तिला काय समजतं?”

मालतीचे दिवस भरत आले तेव्हा मला खंडव्याला घरचं लग्न होतं. आठवडाभर रजा. परत आल्यावर स्टेशनवरून थेट केंद्रावर गेले तर चंपाबाई दारातच उभी.

“बाई, बरं झालं आलात. मालतीला पोरगी झाली. आज तिसरा दिवस.”

“छान. पितेय ना?”

चंपाबाई माझी ट्रंक घ्यायला पुढे झाली.

“चंपाबाई, पितेय ना?”

“मी किती बार बोलली त्यांना. ऐकतच नाही. काकी बोलतात, नर्सबाई येऊन छाती धुतील तेव्हाच दूध. तुमचीच वाट बघून राहिले.”

“आणि सुभद्राताई?”

“आली ना ती! पहिल्याच दिवशी आली. काकी तिला हात लावू देत नाही. बोलतात, तुझ्या हाताचा गुण कुणी पाहिलाय?”

मी ट्रंक तिथेच टाकली, बॅग उचलली आणि चंपाबाईला घेऊन निघाले. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेले असेन, पण तो इतका लांब कधी नव्हता. मी चालत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. काकींना, सुभद्राला, दत्तूला, माळव्याला, भोपाळला, माझ्या त्या बँडेजच्या पट्टीला. नणंद हजर आहे, दारात बसलीय, मान घ्यायला तयार आहे, आणि तिला बाजूला सारून माझी वाट! मुलगा असता तर दत्तूसारखं कोणीतरी तोंड उघडलं असतं. मुलगी होती, म्हणून कोणाला घाई नव्हती. मेलेलं मूल हातात घेण्याचा प्रसंग मला नवा नव्हता, पण हे मूल माझी वाट बघत गेलं, असं मला उरलेला जन्मभर म्हणावं लागणार होतं.

ओट्यावर सुभद्राताई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी तोंड आणखी वळवलं. आत काकींनी ताट तयारच ठेवलं होतं, त्यात दूर्वा, हळदकुंकू आणि नवीन लुगडं.

“आलात!” काकी खुशीत म्हणाल्या. “बघा, पोरगी किती गुणाची. तीन दिवस गुळाच्या पाण्यावर, पण आवाज नाही. झोपलेली असते चुपचाप.”

मी वर्तमानपत्र पसरायलाही थांबले नाही. आयुष्यात पहिल्यांदा बॅग जमिनीवर आपटली, हात धुतले आणि कोपऱ्यातल्या बाजेवरून त्या पोरीला उचललं.

ती ऊबदार होती.

मी ओठ बघितले, ओले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, झटकन जागेवर गेली. मग दुपटं उघडलं. इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. बाळाची पहिली शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते. पोटात दूध गेलं की ती हिरवी, मग पिवळी होत जाते. गुळाच्या पाण्यानं ती इतक्या लवकर पिवळी होत नाही. दुपट्यात जे होतं ते चांगलं पिवळं होतं. आणि पोरीच्या हनुवटीखाली, वळीत, वाळलेल्या दुधाचा पांढरा पापुद्रा होता.

मी मालतीकडे पाहिलं. तिनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता, पण डोळे दिसत होते. ते माझ्यावर खिळलेले होते आणि त्यांत इतकी भीती होती की मी पटकन दुपटं बंद केलं.

“काकी,” मी म्हणाले, “पाणी उकळून आणा. मोठं पातेलं. चंपाबाई, तूही जा त्यांच्याबरोबर.”

काकी चुलीकडे गेल्या. मी बाजेवर मालतीच्या शेजारी बसले.

“केव्हापासून?” मी कुजबुजले.

तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. “पहिल्या दिवसापासून. सगळे जेवायला बसले की.”

“आणि धुणं?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “ती रडत होती ना, बाई. आणि माझ्याकडे दूध होतं.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझं ट्रेनिंग, माझा खरवस, माझी राखी, माझी सगळी हुज्जत एका बाजूला, आणि ही पोर, जिला कोणी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला लायक समजत नव्हतं, ती एका बाजूला. तिनं कोणाशीही वाद घातला नव्हता. मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण काकी चुलीपाशी होत्या आणि सुभद्राताई ओट्यावर, म्हणून मी फक्त तिचा हात धरून बसले.

“काकींना सांगू नका,” ती म्हणाली.

“वेडी का काय? मी कशाला सांगते!”

पाणी आलं. मी उठून ओट्यावर गेले आणि म्हणाले, “सुभद्राताई, चला. छाती धुवायची आहे.”

“तुम्ही आलात ना? तुम्हीच धुवा.”

“मी सरकारी माणूस. बदली झाली तर काय करणार? खरी नणंद हजर असताना मानलेलीनं हात लावला तर मलाच पाप लागेल. हा तुमचा मान आहे.”

आत काकी काहीतरी बोलायला लागल्या. मी वळून म्हणाले, “काकी, माझ्या हाताचा गुण मी यांना दिला. आता यांच्या हाताला तोच गुण.” चंपाबाईनं लगेच दुजोरा दिला, “हां, असं चालतं.” कुठे चालतं, कोणाला विचारून चालतं, देव जाणे. पण काकींनी मान्य केलं.

सुभद्राताईंनी डोळे पुसले, साबण लावून हात धुतले (एवढी अट मी घातलीच), आणि दूर्वा घेऊन अगदी हळुवारपणे, मान लाभलेल्या माणसाच्या थाटात वहिनीची छाती धुतली. मग पोरीला मालतीच्या मांडीवर दिलं. पोरीनं तोंड छातीकडे वळवलं, लगेच धरलं आणि गटागटा ओढायला लागली.

“अगं बाई!” काकी थक्क झाल्या. “पहिल्याच वेळी बघा कशी ओढतेय! जशी काही शिकूनच आलीय.”

“आत्याच्या हाताचा गुण,” सुभद्राताई म्हणाल्या.

मालतीची मान इतकी खाली गेली की हनुवटी छातीला टेकली. मी बॅग आवरायच्या निमित्तानं पाठ केली, नाहीतर माझं हसू सगळ्यांना दिसलं असतं. बाहेर आल्यावर चंपाबाईनं विचारलं, “बाई, पोरगी तीन दिवस कशी टिकली हो?” मी म्हणाले, “चिवट आहे.” चंपाबाईला मी काही लपवत नसे, पण ते लपवलं.

परत जाताना मात्र माझं हसू गेलं. इतकी वर्षं मी सासूशी बोलले, नवऱ्याला झोपेतून उठवलं, नणंदेची समजूत काढली. जिच्याकडे दूध होतं, तिला मी फक्त तपासलं होतं. कधी काही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी बाळंतिणीच्या घरी गेले की पाणी उकळायला सासूलाच पाठवत असे. मग दार लोटून घेऊन सुनेच्या कानाशी वाकत असे आणि एवढंच विचारत असे, “पाजलंस ना?” ज्या ‘नाही’ म्हणायच्या, त्या तिथेच बाळाला पदराखाली घ्यायच्या. पण बहुतेक जणी नुसत्या खाली बघायच्या, आणि मला कळायचं की पाजून झालंय. मग मी बाहेर येऊन सासूला सांगत असे, नणंदेला सवडीनं येऊ द्या, काही घाई नाही.